चौथ्या पटावरची बरोबरी

काराकोल,
१८ नोव्हेंबर १९९९, गुरुवार, दुपार

प्रिय बुरुल एजे,

तुला, तुझ्या यजमानांना म्हणजे सामात जेझदेंना आणि तुझ्या सासूबाईंना सलाम. माझ्या छोट्या भाच्याच्या, बेकसुलतानच्या, दोन्ही गालांचा पापा घे, माझ्या वतीनं. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे जसे असतात तसे. वडिलांचा गुडघा बर्फ पडायच्या आधी दोन दिवस दुखायला लागला आणि बर्फ पडल्यावर थांबला. लाल गाय आटली. आपा सकाळपासून बोर्सोकच्या टम्म पुऱ्या तळतेय, आईला थांबवणार कोण, सगळ्या घराला तेलाचा वास सुटलाय.

फोन करणार नव्हतोच. तुमचा फोन सासूबाईंच्या खोलीत, आणि माझा आवाज तर तुला माहीत आहे, तारेशिवायसुद्धा नारिनपर्यंत पोचतो. पत्र बसवाल्या कासिम आकेंकडे देतो. ते तुझ्या हातातच देतील, दुसऱ्या कुणाच्या नाही.

रविवारी सांस्कृतिक भवनात बुद्धिबळाच्या पटावर आमच्या नुर्झातनं हत्ती सरकवला, घड्याळाच्या बटणाकडे हात नेला, आणि बटण दाबायच्या आधी तुझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाली, "बरोबरी?" एजे, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधी मी एक माणूस होतो, आता दुसराच कोणी आहे, आणि या दुसऱ्याशी माझी अजून नीट ओळख झालेली नाही. नुसता थकलोय. लाकडं फोडून, भांडण करून माणूस थकतो तसा नाही. काहीच न करता थकलोय.

तू समोरच बसली होतीस, तुला काय सांगायचं, असं म्हणशील. पण तू पटाच्या त्या बाजूला होतीस. माझ्या बाजूनं ते कसं दिसलं, तेवढं ऐक.

तीन पट संपले होते. पहिल्यावर तुमच्या नारिनच्या त्या ढेरपोट्यानं आम्हाला मारलं, दुसऱ्यावर आम्ही तुम्हाला मारलं, तिसऱ्यावर दोघं म्हातारे एकमेकांना कंटाळून हात मिळवून उठले. राहिला चौथा, बायकांचा पट. सगळं सभागृह तुमच्या दोघींच्या भोवती. आम्हाला जिंकायलाच हवं होतं. बरोबरीत गेलं की मागच्या फेऱ्यांतल्या अर्ध्या गुणावर नारिन पुढे आणि आम्ही घरी, हे तिथल्या चहावालीलाही पाठ होतं. आणि नुर्झात जिंकत होती. तिचं कडेचं प्यादं वजीर व्हायला दोन घरं राहिली होती. तुझा राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला. तुझ्या घड्याळाची झेंडी काट्यावर टेकलेली, पडली की वेळ संपून तू हरणार.

मी कॅप्टन. संघाच्या डावात बरोबरी मागायची तर आधी कॅप्टनला विचारायचं, हे तिला तूच शिकवलंयस, ती चौथीत असताना, आपल्या ओट्यावर. आणि तिनं मला विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिच्यापासून इतका जवळ होतो की तिच्या केसांतला धुरी दिलेल्या खोलीचा वास येत होता.

मग तू. हरत असलेल्या माणसाला कोणी बरोबरी दिली तर तो झडप घालतो. तू घातली नाहीस. तू इतका वेळ लावलास, झेंडी पडायला आलेली असताना, की मला वाटलं नको म्हणतेस की काय. पटाकडे तू बघतच नव्हतीस, एजे. तू तिच्याकडे बघत होतीस. आणि ती तुझ्याकडे. दोघींपैकी एकीनंही पापणी हलवली नाही. मग तू हात पुढे केलास.

त्यानंतर मी काय काय केलं ते नारिनमध्ये आतापर्यंत सगळ्यांना कळलं असेल, तुमचा ढेरपोट्या गप्प बसणाऱ्यातला दिसत नाही. तरी माझ्या तोंडून ऐक. मी ओरडलो, "प्यादं दोन घरांवर होतं! दोन! आमची आजीसुद्धा जिंकली असती!" तर क्लबातले शिक्षक ओमोर आके खुर्चीतूनच म्हणाले, "तुझी आजी तोंड मिटून बसायची. तू पण बस."

मग ते नुर्झातला म्हणाले, "पोरी, कॅप्टनला विचारायचं असतं ना?"

"विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता ते मला माहीत होतं, आके."

"म्हणून तर विचारायचं असतं."

तिनं मान खाली घातली, पण लाज वाटून नाही. कागदावर सही करत होती.

तेवढ्यात तुमचा ढेरपोट्या दारातून म्हणाला, "काय कॅप्टनसाहेब, संघाला लग्नाची घाई झाली होती वाटतं?" मी त्याच्या अंगावर गेलो. हातात पटाची पेटी होती, ती भिंतीवर आपटली. सोंगट्या सगळीकडे. शेगडीखालून, बाकाखालून पोरांनी वेचून आणल्या. एक काळा घोडा अजून सापडलेला नाही.

आणि तू कोटाची बटणं लावत होतीस. मी म्हणालो, "एजे, तू तिला काय केलंस?" तू म्हणालीस, "मी काही नाही केलं. ती बरोबरी म्हणाली, मी हात दिला." मग टोपी घालताना, दुसरीकडे बघत म्हणालीस, "तिला घरापर्यंत सोडून ये. नुसतं सोडून ये." मी धावत बाहेर गेलो तर ती आधीच तिच्या भावाबरोबर निघून गेली होती. तुमची बसही सुटली. तू घरी यायची होतीस, आपानं तुझ्यासाठी गादी घातली होती. ती गादी सोमवारपर्यंत तशीच होती, आपानं उचलली नाही.

गादी का घातली होती ते तुला माहीत आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, आणि तू उत्तरात फक्त हवामान लिहिलंस. तरी परत लिहितो, कारण सगळं त्याच्यावर आहे.

ठरलं होतं असं. जिंकलो की क्लबातली शिक्षकाची जागा माझी. ओमोर आके थकलेत, संस्कृती खात्यातला माणूस म्हणाला होता, संघाला अंतिम फेरीला घेऊन जा, मग बघू. मी राजधानीतलं कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडून आलो, ते मास्तरांशी भांडण झालं म्हणून, असं घरी सांगितलं. भांडण झालंच होतं. पण मास्तरांशी तर पहिल्या वर्षीही झालं होतं. तू ओळखलंसच असेल. तिथल्या वसतिगृहाच्या खिडकीतून डोंगर दिसायचे आणि त्या डोंगरांच्या पलीकडे ती आहे, एवढंच दिसायचं मला. डोंगर बघून कोणी यंत्राचं गणित सोडवतं का?

तर जागा मिळाली की हातात काहीतरी असलेला माणूस झालो. मग सोमवारी आपा आणि तू नुर्झातच्या घरी जाणार, तिच्या कानात आपाचे चांदीचे कानातले घालणार, म्हणजे मागणी पक्की. रीतीप्रमाणे. कोणी बोट दाखवू नये असं. सगळ्या क्लबला माहीत होतं. मीच सांगत सुटलो होतो. "रविवारी पट, सोमवारी कानातले," असं माझा दोस्त एर्मेक ओरडायचा आणि लोक टाळ्या द्यायचे. कानातले मी डाव चालू असताना काडेपेटीत घालून खिशात ठेवले होते. शकुन म्हणून.

मला वाटलं होतं तिला ते आवडतंय. हसायची ती. मान खाली घालून हसायची.

रविवारनंतर मी अंथरुणातच होतो. वडील एकदा दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "गाईला पाणी पाजलंस का?" मी म्हणालो हो. पाजलं नव्हतं. मंगळवारी उठून गेलो, ती परिचारिकांच्या शाळेतून सुटते त्या वेळेला. आम्ही बाजारातल्या त्या चीनकडच्या दुंगान बाईच्या दुकानात बसलो, तुला आठवते ती, शेवयांवर मिरचीचं पाणी ओतताना ग्राहकाचं तोंड बघून ठरवते किती ओतायचं ते. मला तिनं जास्त ओतलं.

मी म्हणालो, "प्यादं दोन घरांवर होतं."

"मोजता येतं मला."

"मग दिसलं नाही असं तरी सांग. घाबरलीस असं सांग. मी सगळ्यांना सांगेन घाबरली म्हणून."

"घाबरले होतेच," ती म्हणाली. "पण पटाला नाही. तुझ्या खिशात काडेपेटी होती ना? तू दर खेळीला हलवत होतास ती. खुळखुळ, खुळखुळ. मी हत्ती उचलला की खुळखुळ. प्यादं पुढे सरकलं की खुळखुळ. तालाय, मी जिंकले असते तर काय झालं असतं?"

"आपण जिंकलो असतो!"

"ते झालंच. मग? लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, मला उचलून घेतलं असतं, आणि त्याच टाळ्यांमध्ये दुसऱ्या दिवशी तुझी आई माझ्या कानाला हात लावायला आली असती. सगळं गाव दारात. त्यात मी नाही कशी म्हणणार होते? कोणी ऐकलं असतं?"

मी म्हणालो, "म्हणजे नाही म्हणायचं होतं तुला."

"मला विचारलंच कुणी नव्हतं रे. तू एर्मेकला सांगितलंस, ओमोर आकेंना सांगितलंस, चहावालीला सांगितलंस. मला चहावालीनं सांगितलं."

एजे, त्या वेळी माझं डोकं फिरलं. मी वाटी सरकवली, सांडली. मी म्हणालो, "मग हरायचं होतंस! सरळ हरायचं! हे अर्धं अर्धं कशाला?"

तर ती म्हणाली, "हरायला मला येत नाही. तुझ्या एजेनं शिकवलंय." आणि फडकं मागून माझं सांडलेलं पुसायला लागली.

मग पुसता पुसता तिनं जे सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. तुला माहीत असेल का, ते मला माहीत नाही.

ज्या वर्षी तुझं लग्न झालं, त्या वर्षीची मुलींची स्पर्धा. तू सगळ्यांच्या पुढे होतीस. शेवटच्या फेरीच्या सकाळी नुर्झात तुझ्यासाठी जर्दाळू घेऊन आली होती, ती आधीपासून तुझ्या टेबलापाशी येऊन बसली. पंचांनी घड्याळ सुरू केलं. तुझी खुर्ची रिकामी. समोरची मुलगी नखं खात होती. "मला वाटत होतं आता येईल," नुर्झात म्हणाली. "काटा वर चढला तरी मला वाटत होतं, एजेच आहे, शेवटच्या क्षणी येईल आणि जिंकेल. मग झेंडी पडली. त्यांनी तक्त्यावर तुझ्या एजेच्या नावापुढं शून्य लिहिलं. त्याआधी एजेचं शून्य मी कधी बघितलंच नव्हतं. मी ते जर्दाळू खिशात घालून घरी गेले, आणि घरी सगळे म्हणत होते, बुरुलला नारिनवाल्यांनी उचलून नेलं, चांगलं घर आहे."

आणि मग, "रविवारी मला समोर तीच दिसली. मी प्यादं उचललं की तिची झेंडी पडणार होती. मी परत ते बघणार नव्हते. आणि तुझी खुळखुळही ऐकणार नव्हते. म्हणून विचारलं. ती लगेच हो म्हणाली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं मी काय विचारतेय ते तिला कळलं."

मी विचारलं, "म्हणजे माझं काय? हो की नाही?"

"बरोबरी म्हणजे काय असतं, कॅप्टन? पुढच्या वर्षी मी राजधानीत शिकायला जाणार आहे. परत आले की विचार. मला विचार. एर्मेकला नको."

असं म्हणून ती हातमोजे घालून गेली. मी तिथेच बसून राहिलो. दुंगान बाई म्हणाली, "दुसरी वाटी देऊ? कमी तिखट देते."

इथपर्यंत सगळं सरळ लिहिलं, कारण यातलं काही लपवावं असं नव्हतं. आता जे लिहायचंय त्याच्याभोवती मी सकाळपासून फिरतोय. लाल गाय, गुडघा, बोर्सोक.

बोर्सोक कशाला तळतात, ते तू विचारलं नाहीस. पत्रात तू कशी विचारणार म्हणा.

बुधवारी एर्मेक आणि कुबान आले. मी मूर्खासारखं सगळं सांगितलं. एर्मेक मांडीवर थाप मारून म्हणाला, "अरे, नाही म्हणाली का?"

"नाही म्हणाली नाही."

"हो म्हणाली का?"

"नाही."

"म्हणजे अर्धा गुण तुझा आहेच! उरलेला अर्धा गाडीत बसवून घ्यायचा." कुबान हसून गडबडा लोळला. "राजधानीला जाईल म्हणे! तिथला कोणीतरी डॉक्टर परत पाठवेल काय तिला? पत्रिका येईल तुला, सोनेरी अक्षरांची. जा मग भेट घेऊन."

तो डॉक्टर, एजे. त्या न जन्मलेल्या डॉक्टरानं मला रात्रभर तुडवलं. पहाटे उठून मीच एर्मेककडे गेलो. हो, मीच गेलो. त्यांनी ओढलं नाही. मी म्हणालो, चला, आणू तिला उचलून.

मी आता आपल्या मोठ्या खोलीत बसून लिहितोय. कोपऱ्यात नवरीला बसवायचा पडदा टांगलाय, आपल्या शायीर जेंगेनं, वहिनीलाच हौस, सकाळी खिळे ठोकले. तिच्या डोक्यावर टाकायचा पांढरा रुमाल इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलाय. जेंगेनं दोन शेजारणींना बोलावलंय, मुलगी बाहेर पळायला लागली तर उंबऱ्यात आडवं पडायला म्हातारी कोण आणायची (म्हातारीला ओलांडलं की शाप लागतो ना), याच्यावर त्यांची स्वयंपाकघरात चर्चा चाललीय, आणि हसू येतंय त्यांना. खरंच हसताहेत. वाईट बायका नाहीत त्या. जेंगे मला मघाशी चहा देऊन गेली, साखर ढवळून. माझं लग्न आहे म्हणून.

आपाला मी विचारलं, "आपा, ती रडली तर?"

आपा झारा तेलात धरून म्हणाली, "सगळ्याच आधी रडतात. मी रडले. तुझी एजे रडली. आणि आता बघ, नारिनच्या संघात खेळते. सामातनं खेळू दिलंच ना?"

खेळू दिलं.

हे वाक्य आपानं इतक्या समाधानानं म्हटलं की मी तिथून निघालो. मी इथे येऊन बसलो आणि कागद ओढला. मला तुला खरं म्हणजे एकच विचारायचं होतं. तू सुखी आहेस ना, एवढंच. तू हो म्हणालीस की मी गाडीत बसणार होतो. पत्र पोचायला दोन दिवस लागतील आणि गाडी आजच निघणार, तरी मी तुला विचारत होतो. म्हणजे उत्तर नकोच होतं मला. नुर्झातलाही मी असंच विचारलं होतं.

आठवतंय मला ती संध्याकाळ. सामात जेझदेंकडचे लोक मेंढी घेऊन आले, वाकून माफी मागायला, आणि वडिलांनी आधी त्यांच्याकडे पाठ केली, मग पुढे वळले. मेंढी कापली. आम्ही खाल्ली. तिची चव आठवते मला. मांस चांगलं होतं. मग तुला भेटायला मी वडिलांबरोबर नारिनला आलो, तू पडद्यामागून बाहेर आलीस आणि डोक्यावर असाच रुमाल होता. वडिलांनी विचारलं, "बरी आहेस?" तू म्हणालीस, "बरी आहे." मग मला बाजूला घेऊन विचारलंस, "शेवटच्या फेरीत काय झालं?" मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, माहीत नाही. तू म्हणालीस, "असू दे."

आता मला माहीत आहे. शून्य. तक्त्यावर, तुझ्या नावापुढे. एका पोरीनं तिथं बसून वाट बघितली होती, जर्दाळू घेऊन.

आणि ती पोरगी आज पाच वाजता शाळेतून सुटून फाटकाबाहेर येईल, आणि कोपऱ्यावर एर्मेकची गाडी उभी असेल, आणि तिला गाडी बघताक्षणी कळेल. तिला विचार करायला वेळ लागत नाही. तिचे डोळे मला दिसतात. ती ओरडेल की नाही माहीत नाही, पण ती माझ्याकडे बघेल. आणि यावेळी ती माझ्याकडेच बघेल, दुसरीकडे नाही. ते बघायला मी गाडीत बसलेलो असेन.

नाही जमणार, एजे.

मोठा शहाणा झालोय म्हणून नव्हे. मी अजून तसाच आहे. आत्तासुद्धा वाटतंय, धावत जावं तिच्या फाटकापाशी आणि ओरडून सांगावं, बघ मी काय केलं नाही ते! आणि तिनं कौतुक करावं. तिला हे सांगणारही नाही. जे केलं नाही ते सांगून काय मागायचं? ती पुढच्या वर्षी राजधानीला जाईल. जाऊ दे. डॉक्टर असला तर असू दे. (हे लिहिताना पेन कागदात घुसलं, भोक पडलं, क्षमा कर.)

एर्मेक दोनदा हॉर्न वाजवून झाला. जेंगे दारातून डोकावून म्हणाली, "अरे नवरदेवा, अजून लिहितोयस? मुलगी सुटायची वेळ झाली. कोणाला लिहितोस एवढं?" मी म्हणालो, "बुरुल एजेला." ती खूष झाली. "लिही, लिही, तिलाही बोलाव," म्हणाली.

एर्मेकच्या गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे. मघाशी पेट्रोल वाया जातंय म्हणून मीच काढून आणली. माझ्याशिवाय ते जातील असं नाही, पण तो कुबान पिऊन आहे आणि त्याला कशाचीही मजा वाटते. बाहेर गेलो की पहिल्यांदा किल्ली समोरच्या पाटात फेकणार. वर बर्फाचा पापुद्रा आहे, खाली पाणी जोरात आहे, वसंतापर्यंत सापडणार नाही. मग एर्मेक मला मारेल. मारू दे. चांगला मित्र आहे तो, जोरात मारतो. मग त्याला घरी आणून बोर्सोक खायला घालीन, एवढे तळलेत.

पडदा मी काढलाय. घडी करून खुर्चीवर ठेवलाय, रुमाल त्याच्याखाली. आपा अजून आत आली नाही. येईल तेव्हा काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही.

या पाकिटात ती काडेपेटी आहे. कागद कोंबलाय, खुळखुळणार नाही. कानातले आपाचे आहेत, आपाला तिच्या आईनं दिलेले, आणि खरं तर थोरल्या मुलीकडे म्हणजे तुझ्याकडे यायचे. पण उचलून नेलेल्या मुलीला कानातले कोण घालतो? डोक्यावर रुमाल टाकला की झालं. तुला त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही आणि कानालाही कोणी हात लावला नाही. म्हणून हे तुझे. घालू नकोस वाटलं तर घालू नकोस. विकलेस तरी चालतील. तू ठरव.

अंतिम फेरीत तुमच्या संघाकडून तू खेळशील. मी बघायला येणार नाही, मला बघवत नाही कुणाचं, हे तुला माहीत आहे. पण शेवटच्या फेरीला वेळेवर जा, एजे. घड्याळ सुरू व्हायच्या आधी जाऊन खुर्चीत बस.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही. लिहिलंस तर त्यात बरी आहे असं लिहू नकोस.

तिसरा हॉर्न झाला. उठतो. पाकीट आतल्या खिशात, किल्ली हातात. आतली ऊब जाऊ नये म्हणून दार बाहेरून नीट ओढून घेतोय.

तुझाच,
अजून कुणाचा न झालेला,
तालाय